चेहरा सरळ ठेव

एका कारखान्याच्या कॅमेऱ्यात दिसलेले एका माणसाचे दात मी अजून विसरू शकलेलो नाही. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत बरंच काही पाहिलं, त्यातलं बहुतेक आता पुसट झालंय. ते दात पुसट होत नाहीत.

स्वेच्छानिवृत्ती घेऊन मला दोन वर्षं झाली. ते प्रकरण कागदोपत्री केव्हाच बंद झालं. पण माझ्या हातून, खरं तर हातूनही नाही, घडलेली एक गोष्ट कुठल्याच कागदावर आलेली नाही. ती इथे लिहितो. कोणाचंही नाव देत नाही.

मी तेव्हा पूर्व उपनगरातल्या एका ठाण्यात पोलीस निरीक्षक होतो, गुन्ह्यांचा तपास माझ्याकडे. कांजूरमार्ग-भांडुपच्या बाजूला आमच्या हद्दीत गाळ्यांच्या औद्योगिक वसाहती होत्या. त्यातल्या एका गाळ्यात पत्र्याचं काम चाले. मोठमोठे प्रेस होते, म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारी यंत्रं. मिक्सरची झाकणं, पंख्याच्या वाट्या, असला माल. चाळीसेक कामगार, बरेचसे कोकणातले.

चतुर्थीला आठवडा राहिला असताना तिथे अपघात झाला. सगळ्यात मोठ्या प्रेसवर दोन माणसं लागत. पुढे ऑपरेटर, तो दोन्ही हातांनी पत्रा धरून पायाने पेडल दाबणार. मागे दुसरा, तो तयार माल काढून घेणार. त्या दुपारी मागच्याचा माल आत अडकला. तो काढायला तो वाकला आणि प्रेस खाली आला. माणूस जागीच गेला. आम्ही पंचनामा केला, जबाब घेतले, अपघाती मृत्यूची नोंद केली. मालकाने गाळा बंद ठेवला आणि कामगार तसेच गणपतीला गावी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी माझ्या एका खबऱ्याचा फोन आला. हा माणूस त्या वसाहतीत टेम्पो चालवायचा.

"साहेब, तो अ‍ॅक्सिडंट नाहीये. तुम्हाला एक क्लिप टाकलीय, बघा. पूर्ण इस्टेटमध्ये फिरतेय. साला हसतोय बघा मारताना!"

क्लिप गाळ्यातल्या कॅमेऱ्याची होती, आवाज नव्हता. मागचा माणूस वाकलेला. ऑपरेटर पत्रा धरून उभा. मग ऑपरेटरचे ओठ फाकले, वरचे-खालचे दात स्वच्छ दिसले, आणि पुढच्या क्षणी प्रेस पडला. ऑपरेटरचा पाय यंत्राच्या आड होता, त्यामुळे पेडल दाबलं की नाही ते दिसत नव्हतं. दात मात्र दिसत होते.

खबऱ्याने आणखी एक गोष्ट सांगितली. आठ दिवसांपूर्वी दोघांची चांगलीच जुंपली होती, चतुर्थीच्या रजेवरून. मोठा प्रेस बंद ठेवून चालत नसे, म्हणून दोघांपैकी एकालाच गावी जाता यायचं. मागच्या वर्षी कोण गेला होता, यंदा कोणाची पाळी, यावरून गळपट्टी धरण्यापर्यंत गोष्ट गेली होती. ज्याने कोकणातल्या माणसाची चतुर्थीची रजा कधी नाकारून पाहिली असेल, त्याला हे कारण क्षुल्लक वाटणार नाही.

हेतू मिळाला, चेहरा मिळाला. मी ऑपरेटरला उचलला.

इथे माझ्याबद्दल सांगायला हवं. ठाण्यात मला 'चेहरेवाले साहेब' म्हणत. समोरचा खोटं बोलतोय की खरं, हे मी तोंड बघून सांगतो, अशी माझी ख्याती होती आणि मी ती जपत असे. माझ्या पथकात एक जुना हवालदार होता, जिभेने तिखट. तो म्हणायचा, "साहेब, तुमच्या हिशेबाने आधार कार्डावरचे फोटो बघत बसलो तर अख्खी मुंबई आत टाकावी लागेल." मी हसायचो. पण आतून मला वाटायचं, ही विद्या मला येते.

ऑपरेटर पंचेचाळिशीचा, काळासावळा, हडकुळा. वीस-बावीस वर्षं त्याच प्रेसवर. मी त्याला समोर बसवलं.

"हसलास कशाला?"

"हसलो नाय साहेब. सांगत होतो त्याला."

"काय सांगत होतास?"

"हात काढ म्हणून."

"क्लिप मी पन्नास वेळा पाहिलीय. तुझे ओठ हललेले नाहीत. ओरडलाही नाहीस."

"ओरडून काय होणार साहेब? तिथे ऐकायला येतं कोणाला?" असं म्हणून त्याने माझ्याकडे बघून दात विचकले. क्लिपमधल्यासारखेच, हिरड्यांपर्यंत.

तो मला दाखवत होता. हे आज कळतं. तेव्हा मला दिसलं ते एवढंच, की साथीदाराच्या मरणाबद्दल विचारतोय आणि हा निर्लज्जासारखा दात काढतोय.

"माणूस मेलाय. चेहरा सरळ ठेव," मी म्हणालो.

तो पुन्हा सांगू लागला आणि सांगता सांगता पुन्हा दात दिसले. मी काही बोललो नाही. मी हवालदाराकडे पाहिलं आणि माझी डावी भुवई थोडी वर गेली.

बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही, म्हणून लिहितो. पोलीस ठाण्यात अधिकारी कधी तोंडाने सांगत नाही की याला मार. केबिनच्या दारातून आत येणारा शिपाई आधी साहेबाचं तोंड वाचतो आणि मगच सलाम किती कडक ठोकायचा ते ठरवतो. साहेबांनी खिडकीकडे पाहिलं की आलेल्या माणसाला बाहेर न्यायचं. चष्मा काढून टेबलावर ठेवला की चहा सांगायचा. आणि माझी डावी भुवई वर गेली की काय करायचं, ते माझ्या पथकातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मी कोणाला शिकवलं नव्हतं. ते शिकले होते.

हवालदाराने ऑपरेटरच्या कानशिलात लगावली.

तीन दिवस हेच चाललं. त्याचे दात दिसले की मी म्हणायचो, "चेहरा सरळ ठेव." पुन्हा दिसले की माझी भुवई. आधी त्याला वाटायचं, मला नीट समजलेलं नाही, म्हणून तो आणखी जीव तोडून दाखवायचा. हवालदाराचा हात उठला की भीतीने त्याचे दात आपोआप दिसायचे, आणि मला वाटायचं, मार खाऊनही हसतोय, किती निगरगट्ट. चौथ्या दिवशी त्याचा चेहरा थांबला. गालाचा स्नायू हलेना. बोलायचा तेव्हा ओठ लागतील तेवढेच उघडायचे. मी समाधानाने डायरी ओढली. आता हा फुटणार, असं वाटलं.

तो फुटला नाही. "मी सांगत होतो त्याला," एवढंच, सपाट आवाजात. मी लिहिलं : आरोपी तपासास सहकार्य करीत नाही. कोर्टातून कोठडी वाढवून घेतली. चतुर्थी आमच्या लॉकअपच्या बाहेरून ढोल वाजवत गेली.

यात मी एक गोष्ट केली नाही : प्रेस उघडून तपासायला लावला नाही. मला दात पुरेसे वाटले.

अकराव्या दिवशी सकाळी ठाणे अंमलदाराने निरोप पाठवला, एक बाई हटून बसल्या आहेत. पन्नाशी ओलांडलेली, नऊवारी नव्हे, साधी गोल साडी, पायांत रबरी चपला, हातात गावाहून आणलेल्या सामानाची पिशवी. पाच दिवसांचा गणपती विसर्जन करून ती सकाळच्या गाडीने उतरली होती आणि तडक ठाण्यात आली होती. गाळ्यात तयार माल तपासायचं काम तिचं. सगळे तिला काकी म्हणत.

"माझ्या माणसाक कशाक धरून ठेवल्यात?" तिने उभ्यानेच विचारलं.

"तुमचा कोण तो?"

"कोण नाय. गाळ्यातलो असा."

मी तिला क्लिप दाखवली. म्हटलं, आता बघा तुमचा गाळ्यातला माणूस कसा हसतोय. तिने मोबाइल हातात घेतला, लांब धरून पाहिलं आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच काही तरी अचाट बोललो होतो.

"ह्यां तुमका हसणां दिसतां?"

"मग काय आहे?"

"साहेब, तो बोंबलता हा!"

मला अर्थ लागला नाही. ती खुर्चीवर बसली आणि मग समजावून सांगण्यासाठी मुंबईच्या भाषेत आली. "दात म्हणजे हात काढ. मशीन फिरली, हात काढ. तुम्हाला कोणी सांगितलं नाय?"

"मी सगळ्यांचे जबाब घेतले होते. विचारलं, ऑपरेटर बोलला का? सगळे नाही म्हणाले. ओरडला का? तेही नाही."

"मग बरोबरच सांगितलं की. बोलला नाय तो. तुम्ही तोंडाचं विचारलंत काय?"

मी विचारलं नव्हतं. आणि त्यांना ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. बावीस वर्षं ज्या गोष्टीने सगळ्यांची बोटं शाबूत ठेवली, ती पोलिसाला हसू वाटेल, हे त्यांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

"आणि त्या रजेच्या भांडणाचं काय?" मी तरीही विचारलं.

"मिटलं कधीच. ह्यानेच सोडली रजा, तू जा म्हणाला. सगळ्या गाळ्याने बघितलं. त्याची बॅग भरलेली होती, साहेब." तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. "तुम्ही ही फिल्लम बघितलीत ना? मग बाकीच्यांची तोंडं बघितलीत काय?"

मी क्लिप पुन्हा लावली. या वेळी ऑपरेटरकडे पाहिलं नाही. मागे धूसर दिसणाऱ्या गाळ्याकडे पाहिलं.

ऑपरेटरचे दात दिसले. लगेच त्याच्या पलीकडच्या प्रेसवरच्या माणसाचे दात दिसले. मग त्याच्या मागच्या बाईचे. मग दाराजवळच्या दोघांचे. अंधारात एकामागून एक पांढरे ठिपके उमटत गेले आणि पार शेवटच्या भिंतीपर्यंत पोचले. ठिपका उमटेल तिथे हात यंत्रापासून वर उठत होते. प्रेस खाली येऊन आदळला तोवर गाळ्यातला एकूण एक हात हवेत होता. एकाच माणसाचे हात आत होते. ज्याला सांगायचं होतं, त्याची नजर त्या क्षणी खाली, अडकलेल्या मालावर होती.

हे सगळं सेकंदाभरात झालं होतं. माझ्या मोबाइलवर ते पहिल्या दिवसापासून होतं.

मी खोटं लिहीत नाही, आधी मला ऑपरेटरची आठवणही झाली नाही. चाळीस माणसं एका शब्दाशिवाय, एका आवाजाशिवाय, एका क्षणात एकमेकांना वाचवायला धावली होती, आणि मी ते पाहिलं होतं पन्नास वेळा, एकाच माणसाच्या तोंडावर बोट ठेवून.

त्याच दिवशी मी काकीबरोबर गाळ्यात गेलो. काम नुकतंच सुरू झालं होतं. मोठा प्रेस बंद होता, बाकीचे चालू होते. तो आवाज कानाने ऐकायचा नसतो, तो बरगड्यांत बसतो. मी काकीला काही विचारलं, तर मलाच माझा शब्द ऐकू आला नाही. तिने मला एका खांबाला टेकवून उभं केलं आणि बोटाने दाखवलं, बघ.

पहिल्या पाच मिनिटांत मला काहीच दिसलं नाही. लोक काम करत होते. मग हळूहळू दिसू लागलं. दोन्ही हात पत्र्यात गुंतलेले, म्हणून खुणा हाताने नव्हत्याच. सगळं तोंडावर. एका बाईने नाक मुरडलं, पलीकडच्याने हातातला तुकडा बाजूला टाकला. एकाने ओठ आत घेतले, शेजारचा थांबला. एकाने एक भुवई वर केली, समोरच्यानेही एक भुवई वर केली आणि दोघे पुन्हा कामाला लागले. एकाएकी चार-पाच जणांचे गाल फुगले आणि सगळ्यांच्या हातांचा वेग वाढला. मिनिटभराने गोल चेहऱ्याचा मालक जिना उतरून आला.

बाहेर आल्यावर काकीने मला अर्थ सांगितले. नाक म्हणजे माल खराब. ओठ आत म्हणजे जरा थांब. गाल म्हणजे काय, ते मला कळलं होतं.

"आणि एक भुवई?"

"जेवलास काय? समोरच्याने पण उचलली म्हणजे जेवलो."

"पण धोक्याला दातच का?"

"तेलाने तोंडं काळी झालेली असतात. लांबून दुसरं काय दिसणार, साहेब?" मग म्हणाली, "करोनात मालकाने मास्क दिले, तेव्हा आम्ही सगळे मुके झालो. हात पुढे टाकायची भीती वाटायची. शेवटी मालकाशी भांडून त्या काचेसारख्या पट्ट्या घेतल्या, तोंड दिसणाऱ्या."

"शेवटी शेवटी माझ्याकडे बघून सगळ्यांनी वरचा ओठ लांब केला. ते काय होतं?"

काकीने पहिल्यांदाच माझी नजर चुकवली. "तुमची मिशी."

हे कोणी बसून ठरवलेलं नव्हतं. जुन्यांचं बघून नवे शिकत गेले. त्या गाळ्यात नवा माणूस आला की पहिला महिना त्याला यंत्राला हात लावू देत नसत. नुसतं बघायला उभा करत. मला सत्तावीस वर्षांत असं कोणी उभं केलं नव्हतं. मी थेट वाचायला बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मोठा प्रेस उघडला. आतली क्लचची स्प्रिंग तुटलेली निघाली. तशी तुटली की पेडल न दाबताही प्रेस खाली येतो. ऑपरेटरला ते आधी कळलं, कारण त्याच्या हातातला पत्रा थरथरला होता. मी कोर्टात अहवाल दिला आणि त्याला सोडलं. लॉकअपच्या दारात मी म्हटलं, "माझी चूक झाली." त्याने मान हलवली. चेहरा सरळ होता.

त्याच्या अंगावरच्या वळांबद्दल वकिलाने तक्रार केली. खात्याची चौकशी बसली. मला विचारण्यात आलं, मारहाणीचा आदेश आपण दिला होता का? मी उत्तर दिलं, "मी एक शब्दही उच्चारला नव्हता." ते खरं होतं. त्या खोलीत बसलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला ते किती खरं आहे ते माहीत होतं, कारण त्या सगळ्यांना भुवया होत्या. हवालदाराची बदली झाली. त्याने माझं नाव घेतलं नाही. जाताना सलाम ठोकून म्हणाला, "साहेब, मी तुमचं तोंड बरोबर वाचलं होतं ना? की माझीच चूक झाली?"

मी खिडकीकडे पाहिलं. तो बाहेर गेला.

ऑपरेटर गाळ्यात परत गेला. मालकाने घेतलं, साथीदारांनी पेढे वाटले. पण काही आठवड्यांनी त्याने आपणहून काम सोडलं. हे मला काकीकडून कळलं. ती म्हणाली, "त्याचं तोंड गेलं, साहेब. कोणी काय विचारलं तर नुसता बघतो. त्याच्या प्रेसवर मागे उभं राहायला माणसं घाबरतात. तोच बोलला, मी कोणाचा तरी जीव घेईन, मला जाऊ दे."

मी त्याचं जे घेतलं, त्याला कायद्यात कलम नाही. दातांना तीन दिवस मार पडला आणि दात गप्प झाले. 'चेहरा सरळ ठेव' ही माझी आज्ञा त्याने आजवर मोडलेली नाही.

गेल्या महिन्यात काकीला घेऊन मी त्याला भेटायला गेलो. एकट्याने जायचं धैर्य झालं नाही. मुलुंडला एका मोठ्या सोसायटीच्या फाटकावर तो वॉचमन आहे. तळघरातून गाड्या वर येतात, तिथे उतारावर उभा राहून त्यांना रस्ता दाखवायचं काम. त्याच्या गळ्यात दोरीला बांधलेली शिट्टी होती. गाडी आली की तो शिट्टी वाजवायचा. तोंडावर काहीच उमटत नव्हतं.

मी त्याला सगळं सांगितलं. चौकशीत मी काय उत्तर दिलं तेही. म्हटलं, "मारायला मीच सांगितलं होतं. भुवईने. तू आवाज न करता जसं सांगायचास, तसंच. तुझं मी हसणं समजलो, आणि माझं मात्र हवालदाराला बरोबर समजलं."

त्याने ऐकून घेतलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. राग आहे का, तिरस्कार आहे का, माफी आहे का, मला काही म्हणजे काही वाचता आलं नाही. मग एक गाडी आली आणि त्याने शिट्टी फुंकली.

"येतो," मी म्हणालो आणि वळलो. काकी मागे रेंगाळली. चार पावलांवरून मी मागे पाहिलं.

ती उताराच्या या बाजूला उभी होती, तो त्या बाजूला. मध्ये गाड्यांचे हॉर्न चालू होते. ती काही बोलली नाही. तिने त्याच्याकडे पाहत एक भुवई वर केली आणि तशीच धरून ठेवली.

तो बराच वेळ नुसता बघत राहिला. मग त्या दगडासारख्या चेहऱ्यावर, जराशी, एक भुवई वर गेली.

ते माझ्यासाठी नव्हतं. मी मान वळवली आणि चालू लागलो.